पर्सनल ट्रेनर व्हायचंय: सर्टिफिकेट की पदवी?

एसीई किंवा एनएएसएम या अमेरिकन संस्थांचं ट्रेनरचं सर्टिफिकेट काही महिन्यांच्या अभ्यासात हाती येतं. वय १८ पूर्ण हवं, सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा प्रथमोपचार) शिकलेलं हवं. पुढे दर २ वर्षांनी नूतनीकरण. कमाई लवकर सुरू होते खरी, पण सुट्ट्यांत निम्मे क्लायंट गळाले की महिना कोरडा.

व्यायामशास्त्राच्या पदवीत तीन-चार वर्षं जातात. मात्र स्क्वॉट मारताना एखाद्याचे गुडघे आत का वळतात, हे तिथे मुळापासून कळतं. शिवाय एनएससीए या अमेरिकन संस्थेच्या सीएससीएस परीक्षेला, म्हणजे खेळाडूंना घडवणाऱ्या ट्रेनरच्या परीक्षेला, पदवी लागतेच. क्लायंट टिकवायला मात्र कुठलंच कॉलेज शिकवत नाही!

माझ्या मते आधी सर्टिफिकेट घ्या, पहाटेच्या बॅचेस झेपतात का बघा, मग पदवीचा खर्च करा. खेळाडूंसोबतच काम करायचं पक्कं असेल तर थेट पदवीला जा.