15 महिने, 31,000 किलोमीटर आणि एक निर्दोष कॉइल

मोटरसायकल 150 सीसी, 2017 ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. हे कळायला मला दोन हिवाळे आणि 2,290 रुपये लागले. बाकी आकडे सगळ्यांना पाठ आहेत. सीट म्हणजे दगड, हेडलाइट म्हणजे देवघरातली समई, अ‍ॅव्हरेज 47. झालं. आता मूळ दुखण्याकडे येतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये सेकंडहँड घेतली, 42 हजाराला. राहायला निफाड, नोकरी नाशिकला, पहिली शिफ्ट सातची. म्हणजे पावणेसहाला गाडी दारातून बाहेर. नोव्हेंबरभर एक तक्रार नाही. डिसेंबरात एका पहाटे चांदोरीच्या जवळ, 55-60 च्या एकसारख्या स्पीडला, पिकअप हळूहळू बसायला लागला. मूठ पिळली तर गाडी घुसमटल्यासारखी करायची, मूठ सोडली की बंद. रिझर्व्हला घेतली, चोक ओढला, किका मारल्या. काही नाही. दहा मिनिटं अंगावर धुकं घेत उभा राहिलो, सहज बटण दाबलं, तर पहिल्या फटक्यात चालू! ड्युटीवर पोचेपर्यंत परत कुरकुर नाही.

त्या हिवाळ्यात असं सहा वेळा झालं. एकदा तर उलटंच. लाखलगावला मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन तीन हजारावर ओरडत राहिलं. क्लच दाबून, किल्ली फिरवून बंद केलं. एरवी वैताग यायचा, त्या दिवशी घाबरलो.

गॅरेजवाल्याकडे जायचो तो सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला. तो गल्लीत दोन चकरा मारून यायचा आणि म्हणायचा, "भाऊ, गाडी एकदम ओके आहे. तुम्हालाच थंडी वाजत असेल." तरी बिल व्हायचंच. आधी कचरा आलाय म्हणून कार्ब्युरेटर साफ, 350. मग प्लग, 110. मग कार्ब्युरेटरचा किट, 480. फेब्रुवारीच्या शेवटी त्याने छातीठोकपणे कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) बदलली, 950 अधिक मजुरी 400. आणि दुखणं गेलं. मी खूश. चार जणांना सांगितलं, पोरगा हुशार आहे, बरोब्बर पकडलं.

कॉइल बदलली आणि पाठोपाठ महाशिवरात्र आली, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्या दिवसापासून थंडी शिव शिव करत जाते म्हणतात. तिच्याबरोबर माझं दुखणंही शिव शिव करत गेलं होतं, श्रेय मिळालं कॉइलला.

नोव्हेंबर 2024. पहिलं दाट धुकं, आणि तीच जागा, तेच नाटक. या वेळी राग इतका होता की हातमोजा काढून टॉर्च मारत सगळी गाडी चाचपली. सिलिंडरला हात लावला तर चटका. त्याच्यामागे चार बोटांवर कार्ब्युरेटर, आणि त्याच्या अंगावर पांढरी साय! फ्रीजरच्या कडेला जमते तशी. नखाने खरवडली, पाणी झालं. पाच मिनिटांत पुरावा गायब. गॅरेजपर्यंत पोचतो तोवर तिथे काय राहणार?

मग कळलं ते असं. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब कमी होतो आणि पेट्रोलची वाफ होते. ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते ना, तेच. वाफ होताना पेट्रोल आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, आणि आतलं तापमान 20 अंशांनी किंवा त्याहूनही जास्त खाली येऊ शकतं. बाहेर 10-12 अंश असले तरी आत शून्याखाली. हवेत दमटपणा असला की तो बटरफ्लायच्या (मूठ पिळली की हवेची वाट उघडणारी चकती) कडेला आणि स्लोच्या भोकापाशी (मूठ सोडलेली असताना पेट्रोल इथून येतं) बर्फ होऊन बसतो. एकसारख्या स्पीडला मूठ थोडीच उघडी, फट बारीक, त्यामुळे बर्फाला थोडंसं काम पुरतं. गाडी थांबली की वारा थांबतो, इंजिनची धग मागे सरकते, बर्फ वितळतो. छोट्या विमानांच्या इंजिनांना म्हणूनच गरम हवा सोडायचा वेगळा दांडा असतो. इंग्लंडसारख्या ओल्या थंडीच्या देशात काही मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरला हीटर बसवलेले असतात.

म्हणजे शत्रू नुसती थंडी नाही, ओल आहे. माझ्या डायरीतही तेच निघालं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा सहावर, पेपरात मोठी बातमी, पण हवा कोरडी, तर गाडी मस्त पळाली. 12 अंश आणि गोदाकाठचं धुकं, गाडी आडवी. त्यात आमच्याकडे दोन्ही बाजूला पाणी प्यायलेल्या द्राक्षबागा. बागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेकोट्या पेटवतात, आणि मी त्या धुरातून गारठलेला कार्ब्युरेटर घेऊन जातो.

मध्यंतरी पेट्रोल पंपावर राग काढून झाला. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढतं हे वाचलं आणि मला गुन्हेगार सापडला असं वाटलं. पण तेच इथेनॉल पाण्यात मिसळून त्याचा गोठणबिंदूही खाली आणतं. पंपाला शिव्या देणं बंद केलं. मित्राच्या सांगण्यावरून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणून टाकीत थोडं थोडं घातलं. फरक पडतो, खोटं नाही बोलणार. पण दर महिन्याला बाटली? 42 हजाराच्या गाडीचे हे लाड मला जमणारे नाहीत.

शेवटी घरातला तेलाचा रिकामा डबा कापला. पत्र्याच्या कडा दुमडल्या, कार्ब्युरेटरच्या दोन्ही बाजूंना आडोसा केला, नळीच्या क्लिपांनी आवळला. वारा थेट लागत नाही आणि सिलिंडरची धग तिथेच घोटाळते. खर्च 40 रुपये, तोही क्लिपांचा. करणाऱ्यांनी पत्रा प्लगच्या टोपीला आणि पेट्रोलच्या नळीला घासू देऊ नका, हँडल डावं-उजवं वळवून केबल अडकत नाही ना ते बघा. शिवाय पहिली वीस मिनिटं मी एक गिअर खाली ठेवतो आणि मूठ एकाच जागी धरत नाही. डिसेंबरपासून आजपर्यंत, म्हणजे जानेवारी संपत आला, एकदाच कुरकुर झाली, बंद पडली नाही. बायको म्हणते गाडीला लंगोट बांधलाय. असू दे.

पहिल्या हिवाळ्यात मी या गाडीला पाचपैकी दोन दिले असते. आता चार. एक सीटचा कापला. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 (प्रदूषणाचा नवा नियम) गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा, तिथे ही भानगड सहसा होत नाही, पण नवी 150 सीसी घ्यायची तर लाखाच्या पुढे जाते. त्या फरकात मी बरेच डबे कापीन. पत्रा मात्र मार्चमध्ये काढायचा आहे, नाहीतर उन्हाळ्यात कार्ब्युरेटर उगाच तापेल. मोबाईलवर तारीख लावून ठेवली आहे.

आणि हो, जुनी कॉइल गॅरेजवाल्याने ठेवून घेतली होती. ती चांगलीच होती. रविवारी मागायला जाणार आहे.