शनेल नं. १९ : देठ-पानांसकट फुले

फुलांचा सुगंध म्हटला की मोगरा, चमेली, निशिगंध यांच्या गोड, भरघोस दरवळाची आपल्याला सवय असते. त्या अपेक्षेने शनेल नं. १९ मनगटावर लावणाऱ्याची पहिली काही मिनिटे निराशा होण्याचीच शक्यता अधिक. यात फुले आहेत, पण ती देठ, पाने आणि चिकासकट आहेत. नेमके तेच मला या परफ्यूमचे खरे आकर्षण वाटते.

आरंभीचा कडवट हिरवेपणा येतो तो गाल्बनम या डिंकातून. मुख्यतः इराणमधून येणारा हा डिंक ज्या झाडाचा, ते आपल्या हिंगाच्या झाडाचे जवळचे भाऊबंद आहे. नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास यात जाणवला तर तो भास समजू नये, कारण मिरचीला तो वास देणारे पायराझीन गटातील रसायन गाल्बनमच्या तेलातही अल्प प्रमाणात असते. सुगंधकार जर्मेन सेलिए यांनी १९४७ साली बालमँ या फ्रेंच फॅशनगृहासाठी केलेल्या 'व्हाँ व्हेर' या परफ्यूममध्ये हा डिंक सढळ हाताने वापरला होता. नं. १९ चे सुगंधकार आँरी रोबेर यांनी त्याला आयरिस या फुलझाडाची जोड दिली, आणि माझ्या मते सगळी किमया त्या जोडीत आहे.

आयरिसचा हा गंध फुलाचा नसून कंदाचा असतो. ताज्या कंदाला फारसा वास नसतो. तो सोलून, वाळवून तीनेक वर्षे साठवून ठेवल्यावर त्यात आयरोन नावाची द्रव्ये हळूहळू तयार होतात आणि मग तो पावडरीसारखा, काहीसा थंड सुगंध मिळतो. त्वचेवर गाल्बनमची धार बोथट होऊ लागली की हा थंडावा वर येतो, मागून गुलाब डोकावतो, आणि शेवटी आपल्या ओळखीचा वाळा व कोरडे चामडे उरते. हा शेवट मात्र सर्वांना रुचेल असे नाही.

शनेल फॅशनगृहाच्या संस्थापक गाब्रिएल ('कोको') शनेल यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस हा सुगंध सिद्ध झाला; १९ ऑगस्ट या त्यांच्या जन्मतारखेवरून त्याला नाव मिळाले आणि जानेवारी १९७१ मध्ये त्या गेल्या.

याच सुगंधाच्या दोन रूपांपैकी अर्काचे प्रमाण कमी असलेले ओ द तॉयलेत अधिक हिरवे व तिखट, तर ते जास्त असलेले ओ द पार्फम अधिक मऊ आहे. मी निःसंकोच पहिल्याची शिफारस करीन. २०११ साली आलेली याची 'पुद्रे' ही आवृत्ती नीटस आहे, पण त्यात मूळची ऐट नाही. दुकानातल्या कागदी पट्टीवरून मात्र निर्णय घेऊ नये, कारण पट्टीवर डिंकाचा कडवटपणाच बराच वेळ रेंगाळतो. मनगटावर लावून तासभर बाजारात फिरावे आणि मगच पैसे मोजावेत, कारण ते थोडेथोडके नाहीत.