मालविकाग्निमित्र की विक्रमोर्वशीय?

शाकुंतल झालं, आता कालिदासाची उरलेली दोन नाटकं वाचावीत का? वाचावीत. दोन्ही पाचच अंकांची. पण आधी मालविकाग्निमित्र घ्या.

त्यातला राजा अग्निमित्र तसा बिनकामाचा. खरं नाटक चालवतो तो विदूषक गौतम. राजाचं जिच्यावर मन बसलंय त्या मालविकेला राणी धारिणीने तळघरात कोंडलेलं. हा पठ्ठ्या केवड्याच्या काट्याने बोटावर दोन टोचे मारून घेतो आणि साप चावल्याची बोंब ठोकतो. उताऱ्यासाठी म्हणे नागमुद्रा हवी! राणी घाबरून स्वतःची नागमुद्रेची अंगठी काढून देते आणि तीच दाखवून मालविकेची सुटका होते. दोन नृत्यगुरूंचं भांडण तर आजच्या कुठल्याही क्लासमध्ये खपेल.

विक्रमोर्वशीयात एवढी गंमत नाही. शेवटचा अंक मला ओढूनताणून आणलेला वाटतो. पण चौथा अंक! वेल झालेल्या अप्सरा उर्वशीला शोधत तिचा प्रियकर राजा पुरूरवा रानभर भटकतो; मोराला विचारतो, कोकिळेला विचारतो, हत्तीलासुद्धा. कथानक जवळपास थांबतं, नुसती कविता उरते. पद्याचा कंटाळा असेल तर हे नाटक जड जाईल. मेघदूत आवडलं असेल तर मात्र थेट चौथ्या अंकापासून सुरुवात केली तरी चालेल.