माजी सैनिक संघटनांनो, सभासदांची यादी कुणाच्याही हाती देऊ नका

1971 च्या युद्धात लढलेल्या सैनिकांची आमची अखिल भारतीय संघटना आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगावपासून हरियाणा, उत्तराखंड, केरळपर्यंत सभासद आहेत. मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता सरचिटणीस या नात्यानं संघटनेचं दप्तर सांभाळतो. आमच्या संघटनेला आधी पैशाला फसवलं, आणि मग आमच्याच यादीचा आधार घेऊन आमच्या सभासदांना, त्यांतही विधवांना लुटलं. हे देशभरातल्या इतर संघटनांना कळायला हवं, कारण हीच टोळी किंवा तिचे भाऊबंद अजून मोकळे आहेत.

अशा संघटनेत काय चालतं हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. 16 डिसेंबरला युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहणं हा वर्षातला एक दिवस. बाकीचं वर्ष कागदात जातं. आमच्यात जमालपूरला लढलेले 1 मराठा पलटणीचे जवान आहेत, 11 डिसेंबरला टांगाईलला पॅराशूटनं उतरलेल्या 2 पॅराचे आहेत, नौदलातले आहेत, रात्रंदिवस ट्रक चालवलेले एएससीचे, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक दलाचे ड्रायव्हर आहेत. त्यांतला वयानं सर्वांत लहान असलेलाही आज सत्तरी ओलांडून बसला आहे. कुणाच्या डिस्चार्ज बुकात बायकोचं माहेरचं नाव लागलेलं, कुणाची जन्मतारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर एक आणि आधारवर दुसरी. त्या काळी ठरावीक वर्षांची नोकरी करून बरेच जवान घरी आले आणि त्यांना पेन्शन बसलीच नाही. अशा पासष्ट वर्षांवरच्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळतं, त्या वेळी ते महिना 4,000 रुपये होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ते अर्ज भरून देणं हे आमच्या संघटनेचं सगळ्यांत मोलाचं काम, असं मी आजही म्हणेन.

या कामासाठी आम्ही एक नॉमिनल रोल, म्हणजे सभासदांची तपशीलवार यादी ठेवली होती. आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर, बँक खातं, पत्नीचं नाव, मोबाइल. आधी ती जाड पुठ्ठ्याच्या वहीत होती, पुढे एक्सेलमध्ये उतरवली. सैनिकांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र धाडायचं झालं की पाच मिनिटांत सगळी माहिती हाताशी यायची. चोरासाठीही ती तितकीच सोयीची ठरली.

2021 हे विजयाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. सगळीकडे सत्कार झाले, वर्तमानपत्रांत आमचे फोटो आले. त्यानंतर काही महिन्यांनी एक गृहस्थ आले. चाळिशीतले, पायात चकचकीत काळे बूट, दारातूनच खणखणीत "जय हिंद, साहेब." वडील फौजेत होते असं म्हणाले आणि वडिलांच्या पलटणीचं नाव अचूक सांगितलं. मोठ्या कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेला पैसा सैनिकांच्या संस्थांना मिळवून देतो, हा त्यांचा व्यवसाय.

त्यांनी सांगितलेली कायद्याची माहिती अक्षर न् अक्षर खरी होती. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. कुठल्या कामांवर, याची यादी सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्यात माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांचे अवलंबित यांचा स्पष्ट उल्लेख आहे. 1 एप्रिल 2021 पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, हेही खरं. आमच्या ओळखीच्या सीएला विचारलं, त्यांनी दुजोरा दिला. विचारलेलं सगळं खरं निघालं, त्यामुळे जे विचारायचं राहिलं तेही खरंच असणार असं कार्यकारिणीनं धरलं.

विधवांच्या औषधोपचारासाठी 40 लाख मंजूर होतायत, असं पत्र आलं. वर तिरंग्याची पट्टी, खाली गोल शिक्का. फाइल पुढे सरकण्यासाठी 2 टक्के, म्हणजे 80 हजार रुपये आगाऊ भरायचे होते. ते सभासदांच्या वर्गणीतून गेले. ज्या संस्थेला निधी द्यायचा तिच्याकडून कुठलीही खरी कंपनी फी मागत नाही. ती धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी तपासेल, ऑडिट मागेल, काम बघायला माणूस पाठवेल, पण उलटे पैसे घेणार नाही. फाइल फी, प्रोसेसिंग, स्टॅम्प ड्युटी, अनामत, नाव काहीही दिलेलं असो. एवढं एक वाक्य कुणी आम्हाला त्या दिवशी सांगायला हवं होतं.

पैशाच्या पाठोपाठ यादीची मागणी आली. कंपनीला लाभार्थी दाखवायचे आहेत, मदत थेट खात्यात जमा होणार आहे, आणि जोडीला सुवर्णमहोत्सवी स्मरणिका फुकट छापून देतो, तिच्यात प्रत्येक वीराचं नाव आणि पलटण येईल. आपलं नाव छापलेलं बघावं ही म्हाताऱ्या फौजींची साधी इच्छा असते, आणि त्या इच्छेवरच त्यांनी बोट ठेवलं. ठराव झाला, फाइल ईमेलनं गेली. स्मरणिका आली नाही, 40 लाख आले नाहीत, पुढे फोनही लागेना. पावतीवरच्या पत्त्यावर पुण्यातल्या एका सभासदाला पाठवलं, तर तिथे झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आम्ही पोलिसांत अर्ज दिला आणि 80 हजार गेले असं धरून चाललो. यादीची चिंता तेव्हा कुणाच्या मनात नव्हती.

पुढचं समजण्यासाठी 2023 साल फौजी घरांत कसं गेलं ते सांगायला हवं. पेन्शन बँकांकडून काढून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाच्या 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेवर नेली जात होती. त्याआधी 2022 च्या एप्रिलची पेन्शन, वार्षिक ओळखपडताळणी झाली नाही म्हणून, 58 हजारांहून अधिक जणांना वेळेवर मिळाली नव्हती. संरक्षण मंत्रालयानं मुदत वाढवून ती जमा केली, पण भीती मनात राहिली. त्यात वन रँक वन पेन्शनची, म्हणजे समान हुद्दा आणि समान नोकरीला समान पेन्शन या योजनेची थकबाकी. सर्वोच्च न्यायालयानं 20 मार्च 2023 ला तारखा बांधून दिल्या: फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना आणि शौर्यपदकवाल्यांना 30 एप्रिलपर्यंत, सत्तरीवरच्यांना 30 जूनपर्यंत, इतरांना पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हप्त्यांनी. कुणाला किती मिळाली, कुणाची राहिली, हा रोजचा विषय होता. आणि नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. चोरांना सगळं माहीत होतं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या एका वहिनींना नोव्हेंबरात फोन आला. यजमान 5 मराठाचे, जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनींनी मला जसं सांगितलं तसं लिहितो.

"जय हिंद, माताजी. रेकॉर्ड ऑफिस, बेळगाव." मग शुद्ध मराठीत यजमानांचा आर्मी नंबर एकेक आकडा सुटा करून वाचला, फौजेत वाचतात तसा. भरतीची तारीख सांगितली. पीपीओ नंबर सांगितला. म्हणाला, "आजी, तुमच्या थकबाकीतला एक हप्ता अडकलाय. स्पर्शवर तुमची हयात लागलेली नाही. आज लागली नाही तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद." वहिनी घाबरल्या. नवऱ्याचा नंबर त्यांनी फक्त त्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेला पाहिला होता. तो नंबर सांगणारा माणूस पलटणीचाच असणार, असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं.

व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, हयातीच्या दाखल्याच्या नावाची, शेवटी एपीके, म्हणजे प्रत्यक्षात मोबाइलमध्ये बसणारं ॲप. नातवानं ती मोबाइलवर उघडून दिली. तेवढ्यानं त्या फोनवर येणारे सगळे मेसेज तिकडे दिसू लागले. ओटीपी विचारायचीही गरज उरली नव्हती, तरी खात्री म्हणून त्यानं विचारला, आणि वहिनींनी कालनिर्णयच्या पानाच्या कडेला लिहून घेऊन तो वाचून दाखवला. त्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. खात्यातली रक्कम गेलीच, शिवाय मुदतठेव ऑनलाइन मोडून तीही नेली. एकूण 3 लाख 10 हजार. एप्रिलमध्ये मिळालेली थकबाकी त्यातच होती.

यादी आमचीच आहे हे कळलं ते एका चुकीवरून. बोलण्याच्या ओघात तो वहिनींना म्हणाला होता, "साहेब 15 मराठाचे ना?" वहिनींनी "नाही, पाच" म्हणून दुरुस्त केलं, आणि तो "हो हो, पाच" म्हणाला. वहीतून एक्सेलमध्ये उतरवताना त्यांच्या यजमानांच्या नोंदीत 5 चे 15 झाले होते. ही चूक रेकॉर्ड ऑफिसच्या कागदात नाही, पीपीओवर नाही, बँकेत नाही. ती जगात एकाच फाइलीत होती. हे ऐकलं तेव्हा माझ्या हातापायांतलं त्राण गेलं.

त्यानंतर आम्ही यादीतल्या प्रत्येकाला फोन करायला घेतले. बऱ्याच जणांना तसाच फोन येऊन गेला होता. कुणी कापला होता, कुणी पैसे घालवून घरातसुद्धा बोलले नव्हते. सुनेला कळलं तर व्यवहार हातातून काढून घेतील, या भीतीनं गप्प राहिलेल्या विधवा आहेत. ज्यांनी आयुष्यभर मनीऑर्डरवर घर चालवलं त्यांनी लाजून गप्प बसावं, याचा मला फार संताप येतो. लाज त्या चोरांना वाटली पाहिजे.

कोल्हापूरकडच्या एका नाईक साहेबांचा अनुभव मुद्दाम सांगतो. पैसे गेल्याचा मेसेज येताच त्यांनी मुलाकडून 1930 वर फोन करवला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार लगेच गेल्यामुळे पुढच्या खात्यांत पोहोचलेली बरीचशी रक्कम तिथेच गोठवली गेली आणि पुढे कोर्टाच्या आदेशानं त्यांना परत मिळाली. वहिनींची तक्रार तिसऱ्या दिवशी झाली, तोवर परराज्यातल्या एटीएममधून पैसे निघून गेले होते. ग्राहकानं स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम होता. बँकेनं तोच दाखवला. बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेवर येतं. तेव्हा पैसे गेल्याचं कळताच आधी 1930 आणि बँक. घरातली चर्चा, गावातल्या पुढाऱ्याचा सल्ला, सगळं त्यानंतर.

पेन्शन कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस, सैनिक बोर्ड यांपैकी कुणीही फोनवर ओटीपी मागत नाही आणि व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. हयातीचा दाखला बँकेत, सीएससी केंद्रावर नाहीतर 'जीवन प्रमाण' या सरकारी ऑनलाइन सेवेवर चेहरा दाखवून देता येतो. समोरच्यानं आर्मी नंबर बरोबर सांगितला, एवढ्यावरून तो फौजेचा ठरत नाही. हे आम्ही आता प्रत्येक सभासदाच्या घरी मोठ्या अक्षरांत छापून पोचवलं आहे, आणि शक्य तिथे सून किंवा नातवाला समोर बसवून वाचून दाखवलं आहे.

नॉमिनल रोल पुन्हा वहीत गेला. पीपीओ आणि बँक खातं त्यात लिहीत नाही. ज्याचं काम निघेल त्याच्याकडून त्या दिवशी कागद घेतो आणि काम झालं की परत देतो. काम हळू होतं, तरुण कार्यकर्ते कुरकुर करतात, पण मी यातून मागे हटणार नाही. कुणी लाभार्थ्यांची यादी मागितली तर संख्या आणि जिल्हे सांगतो. मदत द्यायची असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, अधिकाऱ्यांसमोर, माणसाच्या हाती द्या, असं लेखी कळवतो. हे ऐकून मागे फिरणारे बरेच भेटले.

गुन्हा नोंद आहे, तपास चालू आहे. पण गेल्या महिन्यात हरियाणातल्या आमच्यासारख्याच एका संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना आलेलं पत्र मला पाठवलं. नाव वेगळं, पत्ता वेगळा, वरची तिरंग्याची पट्टी तीच, 2 टक्के फाइल फी तीच, आणि "वीरनारींच्या सन्मानार्थ स्मरणिका विनामूल्य" हे आश्वासनही तेच, फक्त हिंदीत. त्यांनी यादी दिलेली नाही. तुमच्या संघटनेला असं पत्र आलं असेल तर ते फाडू नका. पाकिटासकट जपून ठेवा, ईमेल असेल तर काढून टाकू नका, फोन आला असेल तर नंबर आणि वेळ लिहून ठेवा, आणि जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी द्या. यादी आधीच गेली असेल तर पुढचा नोव्हेंबर येण्याआधी प्रत्येक सभासदाला स्वतः फोन करा, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या घरी माणूस पाठवा.