पॉवर प्रोफायलर किट २ : मायक्रोअँपिअर मोजण्याचे भरवशाचे साधन

बॅटरीवर चालणारे छोटे उपकरण बनवणाऱ्याची गाठ कधी ना कधी मायक्रोअँपिअरशी, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाशी, पडतेच. एवढ्या क्षीण विद्युतधारेने काय फरक पडणार, असे वाटते खरे. पण सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते, आणि त्यातून सरासरी १ मिलिअँपिअर धारा घेतली तर तो सुमारे नऊ दिवसांत संपतो, तर २५ मायक्रोअँपिअर घेतली तर, निदान कागदावर, वर्षभर पुरतो. नॉर्वेतील नॉर्डिक सेमिकंडक्टर कंपनीचे पॉवर प्रोफायलर किट २ हे अशा धारा मोजण्यासाठीच बनवलेले आहे आणि या कामात ते मला मल्टिमीटरपेक्षा निर्विवाद सरस वाटते.

मल्टिमीटर कुठे कमी पडतो, हे आधी पाहायला हवे. धारा मोजताना मीटर सर्किटच्या वाटेतच बसतो आणि त्याच्या आतील रोधामुळे थोडा व्होल्टेज तिथे खर्ची पडतो. फ्लूक ८७-५ सारख्या नावाजलेल्या मीटरमध्येही मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ही घट दर मायक्रोअँपिअरमागे १०० मायक्रोव्होल्ट असते, म्हणजे हा रोध १०० ओहमच्या घरात जातो. उपकरण स्लीपमध्ये, म्हणजे काम नसताना चिप झोपवून ठेवलेल्या अवस्थेत, १० मायक्रोअँपिअर घेत असेल तर घट अवघी १ मिलिव्होल्ट होते आणि वाचन उत्तम मिळते. मात्र तेच उपकरण रेडिओ चालू करून क्षणभर १० मिलिअँपिअर मागू लागले, की घट १ व्होल्टवर जाते, ३ व्होल्टच्या सर्किटला २ व्होल्टच उरतात आणि चिप रीसेट होण्याची वेळ येते. मिलिअँपिअरची रेंज लावली तर ही अडचण टळते, पण स्लीपमधला करंट नीट दिसत नाही.

पॉवर प्रोफायलर किट २ मध्ये मोजमापाच्या पाच रेंज असून त्या धारेनुसार आपोआप बदलतात. २०० नॅनोअँपिअर, म्हणजे ०.२ मायक्रोअँपिअर, ते १ अँपिअर एवढा त्याचा आवाका आहे आणि ते सेकंदाला एक लाख नोंदी घेते. ०.८ ते ५ व्होल्टपर्यंतचा पुरवठा ते स्वतः देऊ शकते किंवा बाहेरील पुरवठ्याच्या वाटेत नुसते मीटर म्हणून बसू शकते. त्याला स्वतःचा पडदा नाही. संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये आलेख उमटतो आणि त्यातला हवा तो तुकडा निवडला की तेवढ्या काळातली सरासरी धारा, कमाल धारा आणि खर्च झालेला विद्युतप्रभार कळतो.

या आलेखाचे खरे मोल सरासरीच्या हिशेबात आहे. समजा, एखादे उपकरण स्लीपमध्ये २ मायक्रोअँपिअर घेते आणि दर सेकंदाला ५ मिलिसेकंद जागे होऊन ५ मिलिअँपिअर घेते. या जागे होण्याचीच सरासरी २५ मायक्रोअँपिअर होते आणि एकूण खर्च सुमारे २७ वर जातो. अशा वेळी स्लीपचा करंट २ वरून १ वर आणण्यासाठी कितीही मेहनत घेतली तरी फारसे हाती लागत नाही. तेच दर दहा सेकंदांनी जागे व्हायचे ठरवले, तर सरासरी साडेचार मायक्रोअँपिअरवर उतरते. शेतातील ओलावा मोजणारी यंत्रणा बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना हा आलेख एकदा दाखवला, तर दर सेकंदाला नोंद घेण्याचा हट्ट ते आपणहून सोडतील.

सर्किटमधली गळतीही यात लगेच पकडली जाते. चिपची एखादी पिन चुकून लो, म्हणजे शून्य व्होल्टवर, राहिली, तर ३ व्होल्टवर १० किलोओहमच्या एका पुल-अप रोधातून (पिनला पुरवठ्याशी जोडणाऱ्या रोधातून) ३०० मायक्रोअँपिअर सतत वाहत राहतात, आणि एवढ्यानेच वर सांगितलेला सेल महिन्याभरात रिकामा होतो. मोजण्याआधी प्रोग्रॅमरची, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या साधनाची, केबल काढून ठेवणे मात्र आवश्यक आहे, कारण तिच्यातूनही धारा ये-जा करू शकते आणि डीबग मोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधील चुका शोधण्याच्या अवस्थेत, चिप पूर्णपणे झोपत नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. ५ व्होल्टच्या वरच्या सर्किटसाठी हे किट नाही. डायोडमधून उलट दिशेने होणारी काही नॅनोअँपिअरची गळती किंवा त्याहून हजारपट सूक्ष्म पिकोअँपिअर मोजायचे असतील, तर पिकोअँमीटर हे वेगळे आणि बरेच महाग उपकरण लागते. घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्याला साधा मल्टिमीटरच अधिक कामाचा आहे. परंतु ब्लूटूथ सेन्सर, वायरलेस नोंदयंत्रे किंवा अंगावर बाळगायची उपकरणे बनवणाऱ्यांनी, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी, हे किट जरूर घ्यावे. मोठी धारा घेणारे उपकरण जोडताना त्याचे दुसरे यूएसबी पोर्टही वापरावे. जादा वीज पुरवण्यासाठीच ते दिलेले आहे.