भोगवे-निवतीच्या खडपांत चौदा फुटी कयाक : एका हंगामाच्या वापरानंतर

नोव्हेंबरात घेतलेली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद नाव, मे अखेरीला धुऊन पडवीत ठेवली. एका माणसाची, वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप. लांबी चौदा फूट, पॉलिएथिलीनची, पायाने फिरवायचा रडर म्हणजे सुकाणू, पुढे-मागे एकेक झाकणाचा कप्पा, मोकळी असताना वजन तीस किलोच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही. या साच्याच्या नावा बऱ्याच ठिकाणी बनतात आणि खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल. किंमतही सांगत नाही, कारण एवढी लांब वस्तू तुमच्या दारात पोचवायला ट्रान्सपोर्टवाला काय मागेल त्यावर निम्मा हिशेब फिरतो.

वापर कुठला ते आधी सांगतो, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. आम्ही पाच-सहा जण सकाळी सिंधुदुर्गातल्या भोगव्याच्या किनाऱ्यावरून सुटतो, दक्षिणेला निवतीच्या किल्ल्याचं टोक वळसून पलीकडच्या पुळणीवर जातो, तिथे न्याहारी आणि परत. अंतर फार नाही. पण मधली खडपं, म्हणजे पाण्यातले कातळ, आणि घळी बघत, कुठे डॉल्फिन दिसले तर थांबत गेलं की अख्खी सकाळ जाते. वेग ताशी चार-पाच किलोमीटर, तोही सगळ्यात हळू माणसाचा. याच टोळीत एक सतरा फुटी, आत बसायची, बंद कॉकपिटची खरी सी-कयाक आहे, एक दोघांची सिट-ऑन-टॉप आहे आणि एक हवा भरायची. त्यामुळे चारही जाती एकाच पाण्यात, एकाच वाऱ्यात बघायला मिळाल्या.

सतरा फुटी अर्थातच पुढे पळते. कमी रुंदीची आहे, लाट कापत जाते, वारा तिला कमी लागतो. पण आमच्या किनाऱ्यावर माझं मत सिट-ऑन-टॉपच्याच बाजूचं झालंय, आणि त्याचं कारण वेग नाही. माणूस पाण्यात पडल्यावर परत वर कसा येतो, हे आहे. बंद नाव उलटली की आत पाणी भरतं. मग दुसऱ्या नावेच्या मदतीने ती उपसा, पंप मारा, धरून ठेवा, माणूस आत सरकवा, स्प्रे-स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती लावायचं कापड, पुन्हा लावा. सराव असलेल्याला हे जमतं. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या मेव्हण्याला नाही जमत. सिट-ऑन-टॉप उलटली तर पालथ्या तळावरून हात टाकायचा, पलीकडचा पट्टा धरायचा, अंग मागे झोकून ती सुलटी करायची, पाय मारत पोटावर वर यायचं आणि मग कुशीवर वळून बसायचं. बसायच्या जागेतलं पाणी तळाच्या आरपार भोकांतून आपोआप निथळतं. आपलं पाणी उबदार आहे, थंडीने गारठायची भीती नाही, मग बंद नावेचा मोठा फायदाच उरत नाही.

पण हे सगळ्यांनी आधी करून बघितलेलं असलं पाहिजे. आम्ही भोगव्याच्या उत्तरेच्या कर्लीच्या खाडीत, पाणी थांबलेल्या वेळी, प्रत्येकाला पाडून बघितलं. वजनदार माणसांना आणि दंडात ताकद कमी असलेल्यांना वर चढता येत नाही. त्यांच्यासाठी पट्ट्याचा एक फास नावेला बांधून पाण्यात सोडायचा, त्यात पाय देऊन ते वर येतात. हा फास आता प्रत्येक फेरीला माझ्या मागच्या जाळीत असतो. काही लाखांच्या साहसी सहलीतसुद्धा हा दोन मीटरचा पट्टा कुणी देत नाही, याचं मला नवल वाटतं.

आता या नावेतली खरी उणीव. आत आडभिंती नाहीत. पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत एकच पोकळी आहे. विकणारा ही गोष्ट कप्प्यांची झाकणं दाखवताना सांगत नाही. झाकणाचं रबर नवं होतं तोवर ठीक; जानेवारीपासून पुढच्या झाकणातून पाणी झिरपायला लागलं. किनाऱ्यावर बूच काढलं की तांब्या-दीड तांब्या पाणी निघायचं. एवढ्याने काही बिघडत नाही. पण तेच पाणी बादलीभर झालं, तर नाव कलली की ते सगळं एका बाजूला धावतं आणि नाव तुम्हाला घेऊन आडवी होते. वरून काही दिसत नाही, नुसती सुस्त वाटायला लागते. म्हणून आम्ही नियम केला : निवतीला थांबलो की प्रत्येकाने झाकण उघडून आत हात घालायचा. पोकळीत फोमचे ठोकळे आणि हवेच्या पिशव्या कोंबल्या आहेत, म्हणजे फुटलीच तरी पाण्याला जागा कमी.

खडपांनी तळाला काय केलं? ओरखडे पुष्कळ. कातळावर कालवं आणि शिनाणी असतात, त्यांची धार पत्र्यासारखी. प्लॅस्टिक त्याने सोलवटतं, पण चिरत नाही. जाड केस उभे राहिल्यासारखे तंतू येतात, ते धारदार पात्याने कापून टाकायचे, बस. हवेच्या नावेचा मालक मात्र अशा ठिकाणी दहा हात लांबच राहतो, आणि वारा सुटला की तो पालापाचोळ्यासारखा जातो. समुद्रासाठी ती घेऊ नका, खाडीत ठीक आहे. खोल चीर गेली तर पॉलिएथिलीनवर एपॉक्सी नीट धरत नाही. प्लॅस्टिक वेल्डिंग करणारा शोधावा लागतो. अनवाणी उतरायचंच नाही. बंद बूट, जाड तळाचे.

तळाला जास्त इजा खडपांनी नाही, गाडीने केली. टपावर पट्टे करकचून आवळून दुपारच्या उन्हात गाडी उभी ठेवली की प्लॅस्टिक मऊ होऊन पोचा पडतो. उन्हातच पालथी टाकून ठेवली तर बराचसा परत भरून येतो, पूर्ण नाही. ट्रॉलीचंही तसंच. तळाच्या भोकांत दांडे घालायची ट्रॉली घेऊ नका, सगळा भार त्या भोकांच्या कडांवर येतो आणि तिथेच तडा जातो. पट्ट्याने बांधायची घ्या, आणि फुगीर जाड चाकांची. भोगव्याच्या कोरड्या वाळूत बारीक चाकं रुततात आणि मग तीस किलो उचलून न्यायचे असतात, चहाच्या आधी.

रडरबद्दल मत दोनदा बदललं. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं, तेव्हा तो निव्वळ ओझं. खडपांत तर तो वर उचलूनच ठेवायचा, नाहीतर अडकून वाकतो. पण परतताना वायव्येचा, समुद्रावरून येणारा खारा वारा डावीकडून समोर येतो आणि नावेचं तोंड सारखं वाऱ्याकडे, म्हणजे खोल समुद्राकडे वळायला बघतं. रडर नसेल तर एकाच बाजूने वल्हं मारत खांदा जातो. रडर खाली सोडला की सरळ. त्याची तार मिठाने आणि रेतीने आखडते, दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी लागते. ‘स्टेनलेस’ म्हणून दिलेल्या स्क्रूंवर फेब्रुवारीतच तांबूस ठिपके होते.

वल्हं नावेबरोबर आलं ते अॅल्युमिनियमच्या दांड्याचं. दोन तासांनी ते जड लागायला लागतं. मी २३० सेंटीमीटरचं फायबरग्लासचं घेतलं. पाव-एक किलोचा फरक असेल, पण तो फरक हजारो वेळा उचलायचा असतो. जोडाच्या नळीत रेती राहिली तर घरी ते दोन तुकडे वेगळे होत नाहीत. जॅकेटवरही असाच खर्च करा. पर्यटकांना देतात ती नारिंगी जॅकेटं पाण्यात पडल्यावर कानापर्यंत वर चढतात आणि वल्हवताना काखेत घासतात. बगल मोकळी असलेलं, कमरेला आवळता येणारं, ५० न्यूटन तरंगशक्तीचं पोहता येणाऱ्यासाठी पुरतं. शिट्टी त्यालाच बांधलेली.

कुठलीही नाव घ्या, वेळ चुकली तर ती उपयोगाची नाही. निवतीच्या एका तांडेलाने, म्हणजे मच्छीमार नावेच्या म्होरक्याने, पहिल्याच भेटीत सांगितलं, “अकरा वाजले काय वारो सुटतलो, त्येच्या आदी भायर येवा.” तंतोतंत खरं. आम्ही उजाडायलाच पाण्यात असतो. शक्यतो चढतं पाणी बघून जातो, म्हणजे खडपात कुठे टेकलोच तर पाच मिनिटांत पाणीच आपल्याला उचलतं. ओहोटीत टेकलात की टेकलात. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब मुंबईच्या पाण्याचा आहे, आमच्याकडे भरती त्याच्या साधारण तासभर आधी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला सकाळ चढत्या पाण्याची मिळते, पण त्याच दिवशी दुपारी उधाणाची ओहोटी कर्लीच्या मुखातून जोरात बाहेर पडते आणि समोरून खारा वारा. तिथे तेव्हा उभ्या लाटा उठतात. खाडीपलीकडच्या देवबागला वळसा घालून उतरू, असले बेत त्या वेळी करायचे नाहीत.

खडपाच्या अगदी जवळ जायचा मोह सगळ्यांना होतो. कड्यावर आपटून परतलेली लाट येणाऱ्या लाटेला भेटते आणि पाणी कुठूनही उसळतं. घळीत शिरण्याआधी बाहेर थांबून मोठ्या लाटांची एक रांग जाऊ द्यायची. बुडालेलं खडप चार लाटांत दिसत नाही, पाचवीला फेस फुटतो. एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही दक्षिणेकडून लांब लाटांचा फुगवटा येतो, तेव्हा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज बघूनच ठरवतो. तटरक्षक दलाचा १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि पिशवी जॅकेटला, नावेला नाही.

दोघांची सिट-ऑन-टॉप हवी असेल तर एवढंच : ती नवराबायकोने घेऊ नये. बाकी नवशिक्याला बरोबर न्यायला ती उत्तम, आणि थकलेल्याला ओढून आणायलाही तीच पुढे असते.

माझ्या नावेचं आसन पुढच्या हंगामात बदलणार. कापडाचं आहे, बकल सरकतात, पाठीचा आधार दर अर्ध्या तासाने ढिला होतो आणि फेब्रुवारीपासून त्याला बुरशी धरली. झाकणाची रबरं मागवली आहेत. ठेवताना दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून टांगू नका, मधे वाकते. दोन रुंद पट्ट्यांवर, कुशीवर, ऊन लागणार नाही अशी ठेवा आणि बूच काढून ठेवा, आत दमट राहिलं तर गणपतीपर्यंत वास सुटतो.