तळ्याला पाच तारे, सरपणाला शून्य

तीन रात्री, पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. तळ्याकाठचं हे लाकडी घर फोटोत दिसतं तसंच आहे, हे आधी सांगते. पायऱ्या उतरलं की पाणी. फोटोत नव्हतं ते एवढंच की संडास घराबाहेर, चाळीस पावलांवर, आणि वाटेत दिवा नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री दोन वाजता ती पावलं मोजायला लागली. जाहिरातीत एक ओळ लिहायला काय जात होतं?

गाद्या कुबट होत्या, उन्हात टाकल्यावर ठीक झाल्या.

खरा घोळ शेगडीचा. ऊब म्हणून काय ती तिचीच, आणि बाहेर रचून ठेवलेलं सरपण ओलं. वाळलेली लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात, टोकांना भेगा असतात. ही नुसती थप्प वाजत होती. पेटवल्यावर टोकांतून फेस यायला लागला. सगळी आच पाणी उडवण्यातच गेली आणि घरभर धूर. खिडक्या उघडाव्यात तर थंडी आत. पहिल्या रात्री नवरा फुंकून फुंकून लाल, मी बोलून बोलून. मग आमचं चांगलंच वाजलं.

होडी चांगली, वल्हीही धड. लाइफ जॅकेटं मात्र सगळी मोठ्यांच्या मापाची. धाकटीला घालून खांद्यांना धरून वर उचललं, तर जॅकेट माझ्या हातात आणि पोर खाली. पाण्यात दुसरं काय झालं असतं? ती काठावरच खेळली.

पण तळं! दुपारी पोहताना छातीपर्यंत कोमट, पाय खाली सोडले की एकदम गार. ऊन वरचं पाणी तापवतं आणि ते हलकं म्हणून वरच राहतं. थोरला दिवसभर ती हद्द पायाच्या अंगठ्याने शोधत होता. पहाटे पाण्यावर धुकं असायचं. सासूबाई शाल गुंडाळून तासभर गप्प बसायच्या, जे घरी कधी घडत नाही.

आणखी एक. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पार पलीकडे पोचतो. समोरच्या काठावरचं खोकणंसुद्धा आम्हाला ऐकू येत होतं. आमचं तिकडे काय काय जात असेल, हे काही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून एक काका होडी वल्हवत आले. होडीत कोरडं सरपण.

"तुमचं ओलं निघालं ना," म्हणाले, "रात्री कळलं."